आईच्या नावाचं कुलूप

वग्दीच्या घरात दोन नावे तोंडाने उच्चारायची नसत. एक त्याच्या आईचे आणि दुसरे त्या आजाराचे.

पहिल्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. आईचे नाव ही काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे? थोरल्या मुलाचे नाव हिल्मी, म्हणून ती उम्म हिल्मी, म्हणजे हिल्मीची आई. गल्लीला, वाण्याला, मशिदीतल्या बायकांना तेवढे पुरते. शाळेत असताना शाबान नावाच्या एका पोराला तिचे खरे नाव कुठूनसे कळले आणि तो ते मैदानभर ओरडत सुटला. हिल्मीने त्याचा पुढचा दात पाडला. मास्तरांनी हिल्मीला छडी मारली, पण मारताना हळूच 'शाबास' म्हणाले, कारण आई मास्तरांनाही होती. ते नाव इथे लिहिण्याचा अधिकार मलाही नाही. मी त्या घरचे मीठ खाल्ले आहे.

दुसऱ्या नावाचे कारण सांगायला नको. त्याला सगळे 'तो वाईट आजार' म्हणतात, आणि तेसुद्धा आवाज खाली आणून. न जाणो, शेजारच्या खोलीत बसलेला असेल आणि हाक ऐकून यायचा.

तर हे दुसरे नाव एके सकाळी वग्दीच्या हातात कागदावर पडले. आई दमनहूरला थोरल्या मुलाकडे राहायची. काखेजवळ गाठ लागली म्हणून तिला तपासणीसाठी अलेक्झांड्रियाला, वग्दीकडे आणले होते. 'कॅल्शियम तपासायचं आहे' असे तिला सांगितले होते, आणि तपासणी झाल्यावर हिल्मी तिला परत घेऊन गेला होता. अहवाल घ्यायला वग्दी एकटाच गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत सापडलंय. ऑपरेशन केलं तर चांगलं होईल. रविवारची खाट धरून ठेवते, गुरुवारपर्यंत कळवा. पेशंटला सांगितलंत ना?"

"पेशंटला?" वग्दी दचकून म्हणाला. "अहो डॉक्टर, ती आई आहे!"

आता हिल्मीदादाला कळवायला हवे होते. थोरला तो. त्याने हो म्हटल्याशिवाय त्या घरात पडदेसुद्धा बदलत नसत. शिवाय आईला पुन्हा अलेक्झांड्रियाला आणायचे, दवाखान्यात झोपवायचे आणि तरी काही कळू द्यायचे नाही, म्हणजे खोटे बोलणे आलेच. दोघा भावांनी एकच खोटे बोलायला हवे होते. म्हणजे आधी त्यांचे आपसात बोलणे व्हायला हवे होते, आणि घोडे तिथेच पेंड खात होते.

फोन करायची सोय नव्हती. दादाला एका कानाने कमी ऐकू यायचे, त्यामुळे त्याचा फोन कायम स्पीकरवर असायचा आणि आई कायम फोनपासून हातभर अंतरावर. व्हॉट्सॲप त्या घरात एकाच फोनवर होते, आणि त्यावर नातवंडांचे फोटो बघायला आई रोज बसायची. बरे, स्वतः जावे, तर वग्दी दमनहूरला जायचा तो ईदला. बिनसणाचा वग्दी दारात दिसला, की कोण गेले एवढेच विचारायचे बाकी राही.

"सरळ आईंनाच सांगा ना," त्याची बायको सुहैर म्हणाली. ती त्या वेळी मुळूखियाची पालेभाजी चिरत होती आणि तिने मान वर करूनही पाहिले नाही. वग्दीने तिला क्षमा केली. तिचे माहेर पोर्ट सैदचे. तिकडची माणसे मासळीच्या भावासारखे काहीही मोठ्याने बोलतात.

मग त्याने समोरच्या बिऱ्हाडातल्या उस्ताद, म्हणजे श्रीयुत, लमईंचा सल्ला घेतला. लमई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातले कोणतेही बोलणे कुणीतरी ऐकतेच, यावर त्यांचा स्वानुभवाने विश्वास होता.

"माझ्या एका मित्राला," वग्दी म्हणाला, "आपल्या भावाला एक खाजगी गोष्ट कळवायची आहे."

"मित्राच्या आईला काय झालंय?"

"आईला? आईचं कुठे नाव काढलं मी? काही नाही झालेलं! कॅल्शियम!"

"हं," लमई म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मित्राला सांग, फोनवर चकार शब्द नको. कागदावर लिहायचं, आणि बसबूशाच्या डब्यात, मिठाईच्या खाली घालून पाठवायचं."

"त्यांच्या घरी डबा आईच उघडते."

"मग दोन डबे पाठव."

"दोन्ही तीच उघडते. आणि धुऊन ठेवते."

संध्याकाळी वरच्या मजल्यावरून, आजारी माणसासाठी म्हणून, सूपचे पातेले आले. दरवान बुरईकाकाने विचारले, "उम्म हिल्मी बऱ्या आहेत ना?" हा प्रश्न तो गेली कित्येक वर्षे रोज विचारत होता, पण त्या दिवशी वग्दी जिन्यात गोठून उभा राहिला. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय.

वग्दी पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार विभागात होता. तिथे संगणकांचे बघणारी मिरवत नावाची इंजिनियर होती. लोक तिच्याकडे प्रिंटर रुसला तरी जात आणि नवरा रुसला तरी. तिने वग्दीचे म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्यात काय! फाइलला पासवर्ड घाला आणि मेल करा. तुमचे भाऊ मेल बघतात?"

"त्याच्या मुलानं कुवेतला जाताना काढून दिलाय. कोर्टासमोर बहगतचं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे जाऊन बघतो. म्हणजे बहगत बघतो आणि दादा ऐकतो."

हा बहगत म्हणजे त्या गावाचा उघडा नळ होता. लोकांचे पेन्शनचे, रेशनचे, पासपोर्टचे अर्ज तो भरून द्यायचा आणि भरताना वाचून दाखवायचा, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे.

"मग तर पासवर्ड हवाच," मिरवत म्हणाली. "पण तो त्याच मेलमध्ये लिहू नका, फोनवरही सांगू नका. तुमच्या भावाला आधीपासून माहीत असेल आणि बाहेरच्या एकालाही माहीत नसेल, असं काहीतरी शोधा."

वग्दी जागेवर जाऊन बसला. भावाला माहीत आणि बाहेरच्या एकालाही नाही. आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आईचे नाव! गावात कुणाला ठाऊक नाही. दादा विसरणे शक्य नाही. आणि मुख्य म्हणजे, मान कापली तरी दादा ते बहगतच्या दुकानात उच्चारणार नाही. झाकली मूठ म्हणतात ती हीच. आयुष्यात पहिल्यांदाच वग्दीला आपण हुशार असल्याची शंका आली.

अहवाल इंग्रजीत होता. म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले त्याने सोप्या भाषेत टाइप केले. पहिली ओळ लिहिली, 'दादा, हे आईला कळता कामा नये.' पुढे आजाराचे नाव, ऑपरेशन, खाट, गुरुवार. आजाराचे नाव टाइप करताना त्याने उगाचच इकडेतिकडे पाहिले आणि बोटे पँटला पुसली. मग फाइलला आईच्या नावाचे कुलूप घातले, मेलवर 'अत्यंत गुप्त, फक्त हिल्मीसाठी' असे लिहिले, पत्त्याच्या जागी हिल्मी एवढी अक्षरे टाकली, पुढचा पत्ता यंत्राने आपणहून भरला, आणि मेल गेला.

थोड्याच वेळात त्याला संचालकांचे बोलावणे आले. संचालकांचे नावही हिल्मी होते, आणि यंत्राला वग्दीच्या दादापेक्षा तेच जास्त ओळखीचे होते.

"हे काय आहे?" साहेबांनी पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर पासवर्ड मागणारा चौकोन उभा होता.

वग्दीच्या तोंडचे पाणी पळाले. "चुकून आलं, साहेब. घरगुती आहे."

"घरगुती? 'फक्त हिल्मीसाठी' लिहिलंय. हिल्मी मीच. तक्रार विभागातला माणूस मला कुलूपबंद फाइल पाठवतो, ती काय घरगुती असते? कुणाविरुद्ध आहे? पासवर्ड काय?"

"सांगता येणार नाही, साहेब."

"का?"

"लाज वाटते."

"अश्लील आहे?"

"तौबा, साहेब! पवित्र आहे!"

"पवित्र आहे तर लाज कसली? सांगता की मी इंजिनियरला बोलावू?"

वग्दीच्या डोळ्यांसमोर मिरवतचा चेहरा उभा राहिला, मग तिच्यामागे चहावाला, लेखा विभाग, सगळी कचेरी. त्याने मागे वळून दार बंद असल्याची खात्री केली, टेबलाजवळ गेला आणि वाकून म्हणाला, "साहेब, माझ्या आईचं नाव आहे."

साहेब कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. त्यांनी घाईघाईने पडदा भिंतीकडे फिरवला. "आधी नाही का सांगायचं? म्हणजे मी इथं खुर्चीत बसून एका सभ्य माणसाला त्याच्या आईचं नाव विचारत होतो? कुणी ऐकलं असतं म्हणजे?" त्यांनी वग्दीदेखत मेल पुसून टाकला, आणि पुसताना डोळे मिटून घेतले. वग्दी दारापर्यंत गेला तेव्हा ते मागून हळूच म्हणाले, "पण कल्पना चांगली आहे हो."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा संगणक बिघडला. मिरवतने दुरुस्तीसाठी पासवर्ड मागितला, तर साहेबांनी तिला खोलीबाहेर काढले, आणि खात्याची कामे दुपारपर्यंत तुंबली. वग्दीने संचालकांविरुद्ध वर काहीतरी गुप्त पाठवले आहे, ही बातमी तोवर सगळ्या कचेरीत झाली होती. माणसे त्याला सलाम करू लागली आणि त्याच्या टेबलाशी बसेनाशी झाली. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात. पण वग्दीला त्याचे काही नव्हते. बुधवार उजाडला होता. मेल आता खऱ्या हिल्मीला गेला होता आणि तो उघडला गेला नव्हता.

त्याने दादाला फोन लावला.

"दादा, मेल पाठवलाय."

"काय पाठवलंयस?" हिल्मीदादा निवृत्त मुख्याध्यापक होता आणि फोनवर तो अजून प्रार्थनेच्या मैदानात बोलल्यासारखा बोलायचा. मागून आईचा आवाज आला, "वग्दी आहे का? जेवला का विचार."

"दादा, स्पीकर बंद कर."

"तो बंद करता येत असता तर चालू ठेवला असता का?"

"बरं, ऐक. मेलला कुलूप आहे. किल्ली म्हणजे..." वग्दीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "शाळेत तू एका पोराचा दात पाडलास ना, ज्यावरून पाडलास, ते."

"कुणाचा दात?"

"शाबानचा," आई म्हणाली. "पुढचा. त्याची आई माझ्याशी किती दिवस बोलत नव्हती. पण त्याचं आत्ता काय?"

"काही नाही, आई. जुनी आठवण आली."

"बुधवारी? कामाच्या दिवशी?"

हिल्मीदादाच्या डोक्यात तेवढ्यात उजेड पडला. "हां! ते होय! वा रे वा!" मग तो थांबला आणि, त्याला जमेल तेवढ्या हळू, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल असे म्हणाला, "अरे, पण ते लिहायचं?"

"लिहायचं, दादा. बोलायचं नाही."

"तौबा, तौबा," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी दादाचाच फोन आला. मागे मोटारींचे भोंगे वाजत होते. तो रस्त्यावर उभा होता आणि संतापाने धापा टाकत होता.

"तो बहगत मला आईचं नाव विचारतो! चारचौघांत! म्हणे, 'पासवर्ड काय, हेडमास्तर?' मी त्याची गचांडीच धरली."

"त्याला काय माहीत, दादा, पासवर्ड काय आहे ते? तू स्वतः टाइप कर ना."

"केलं! म्हणजे करत होतो. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं झिजून गेलीत. त्याला सवयीनं सापडतात, मी कुठे शोधू? आणि एक अक्षर दाबलं की पडद्यावर ठिपका येतो. अरे, मी अर्ध्या गावाला लिहायला शिकवलं, आणि हे यंत्र मी लिहिलेल्याचे ठिपके करतं! बरोबर की चूक कळायचं कसं? मागे रांग लागलेली. एक म्हणतो, 'नाव सांगा, मी टाकतो.' दुसरा म्हणतो, 'वाढदिवस टाकून बघा.' एका बाईनं तर मला विचारलं, प्रेयसीचं नाव आहे का!"

मग त्याचा आवाज एकदम उतरला. "वग्दी, असं काय आहे रे त्यात? कॅल्शियम नाहीये ना ते?"

भर रस्त्यात, बहिऱ्या कानाच्या, रक्तदाबाच्या थोरल्या भावाला ते नाव कसे सांगावे? तो म्हणाला, "वाच, दादा. आधी वाच. उद्या गुरुवार आहे."

"वाचू कसा?"

"असं कर," वग्दी म्हणाला, आणि हे वाक्य पुढे त्याने जन्मभर मनातल्या मनात परत घेतले. "ज्याला ते नाव आधीपासून माहीत आहे, अशा घरच्या कुणाला बरोबर ने. म्हणजे सांगायचा प्रश्नच नाही. बहगतला म्हणावं, पाठ फिरव."

त्याच्या मनात वहिनी होती. वहिनी शिकलेली होती, शांत होती, आणि सासूचे नाव तिला लग्नाच्या कागदावर वाचून ठाऊक होते. पण वहिनी त्या दिवशी बहिणीकडे गेली आहे, हे वग्दीला कोण सांगणार?

"समजलं," दादा म्हणाला आणि फोन बंद झाला.

नंतर दादाचा फोन लागेना. वग्दीने खिडकीत जाऊन ट्राम पाहिल्या, परत टेबलाशी आला, कुणाचा तरी गळक्या मीटरचा अर्ज उलटा धरून वाचला आणि पुन्हा फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. त्याला दादा बहगतच्या दुकानात छातीवर हात ठेवून कोसळलेला दिसू लागला. मग आई त्या बातमीने कोसळलेली दिसली. एका आजाराची बातमी लपवण्यासाठी आपण अख्खे घर आडवे केले, अशी त्याची खात्री पटत चालली, आणि तेवढ्यात दादाच्या नंबरवरून फोन आला.

"वग्दी."

आवाज आईचा होता. वग्दी खुर्चीत बसला होता, तरी आणखी खाली बसला.

"आई? दादा कुठेय?"

"इथंच स्टुलावर. रडतोय. बहगतही रडतोय. त्यानं हिल्मीला उसाचा रस मागवला. हिल्मीला साखरेचा आजार आहे, म्हणून मी प्यायले."

"आई, तू तिथे कशी?"

"हिल्मी म्हणाला, यंत्राला तुझं नाव लिहून हवंय, रेशन कार्डाचं काम आहे. मी म्हटलं, माझं नाव मी स्वतः लिहीन."

आता हे सांगायला हवे की आई नवरा गेल्यानंतर, म्हातारपणी, मोहल्ल्यातल्या साक्षरतेच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकली होती. पहिला शब्द शिकली तो आपले नाव. प्रमाणपत्राला तिने काच लावून घेतली होती. आणि त्या वर्गात सगळ्या बायका एका सुरात वाचत, त्यामुळे मनात वाचता येते हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. ती वाचायची ती मोठ्याने.

"बहगत एकेक अक्षर कुठे आहे ते आधी दाखवून गेला, सगळी अक्षरं दाखवली बिचाऱ्यानं, माझी कुठली ते कळू नये म्हणून. मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी नाव घातलं आणि ते उघडलं. हिल्मीला दिसत नाही म्हणून बहगतनं अक्षरं आधीच मोठ्ठी करून ठेवली होती म्हणे. दारातूनही वाचता आलं असतं. हिल्मी आडवा आला, पण माझं वाचून सुरू झालं होतं."

"काय वाचलंस?" वग्दीने विचारले, जणू अजून काही आशा होती.

"'दादा, हे आईला कळता कामा नये.'"

बहगतने पाठ फिरवली होती, पण कान काही फिरवले नव्हते, आणि रांगेतल्यांनी तर पाठही फिरवली नव्हती. तिचे नाव त्या दुकानात कुणालाच कळले नाही, एवढे मात्र वग्दीच्या कुलपाने केले. बाकी सगळे दमनहूरला कळले.

"आई, मला माफ कर."

"कशाबद्दल? गाठ माझ्या अंगात होती की तुझ्या? मला ठाऊक होतं. कॅल्शियम म्हणे! तुझ्या बायकोनं तपासणीच्या दिवशी मला भरलेली कबुतरं वाढली आणि हिल्मीला एकही नाही. कबुतरं बाळंतिणीला देतात. मी बाळंत होणार नव्हते, हे तर डॉक्टरांनाही दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सोसलं नसतं. हिल्मीचा रक्तदाब चढतो, तू लहानपणापासून घाबरट. म्हटलं, ईद होऊ दे, मग सांगू." मग तिचा आवाज बारीक झाला. "भीती वाटते रे, वग्दी. पण इतके दिवस एकटीला वाटत होती. आता तिघांना वाटेल, तेवढंच बरं."

तक्रार विभागात, भर कामाच्या वेळी, तो रुमाल तोंडाशी धरून रडला. समोरच्या टेबलावरच्या माणसाने ओळखले की चौकशी समिती नेमली गेली.

"आणि ऐक," आई म्हणाली. "माझं नाव टाकलं तर ठिपके आले. मी बहगतला म्हटलं, यंत्राचं काही चुकलेलं नाही, लग्न झाल्यापासून माझ्या नावाचं हेच चाललंय. डॉक्टरीणबाईला कळव, मी येतेय म्हणून. आणि त्या सुहैरला सांग, कबुतरं चांगली झाली होती."

रविवारी सकाळी तिघे दवाखान्याच्या खिडकीपाशी उभे होते. मागे मोठी रांग होती. खिडकीतल्या मुलीने विचारले, "पेशंटचं नाव?"

वग्दीने दादाकडे पाहिले. दादाने छताकडे पाहिले. मग वग्दी खिडकीच्या भोकात तोंड घालून काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं."

दादाला खोकल्याची उबळ आली. वग्दीने पुन्हा तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. मागून कुणीतरी म्हणाले, "अहो, स्वतःच्या आईचं नाव माहीत नाही का?" आणि लगेच दुसऱ्या कुणीतरी त्याला दटावले, "गप रे, आईचं नाव आहे, सांगेल सावकाश."

आईने दोघांना कोपराने बाजूला केले. "इन्शिराह," ती म्हणाली, मोठ्याने, वर्गात वाचायची तशी. "इन्शिराह अब्दुल-मुतअल. आणि पुढचं विचारायच्या आधीच सांगते. कॅन्सर. डाव्या बाजूचा."

मी ते नाव लपवले होते, पण तिनेच सांगितल्यावर माझा इलाज नाही. दडपण जाऊन छाती मोकळी होते, त्याला त्यांच्याकडे इन्शिराह म्हणतात. दोघे भाऊ मान खाली घालून फरशी बघत राहिले. रांगेतले पुरुषही सौजन्याने फरशीच बघू लागले.

"छान नाव आहे, मावशी," मुलगी लिहिता लिहिता म्हणाली.

"आहेच. कुणी वापरलंच नाही ना, म्हणून अजून कोरं आहे."

मग तिला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवले. लांबच लांब बोळ होता, आणि त्या बोळातून त्या वेळी बऱ्याच गाड्या चालल्या होत्या, प्रत्येक गाडीवर एकेक बाई, प्रत्येकीच्या डोक्याला तशीच टोपी. दारापलीकडे जायला भावांना मनाई होती. गाडी दाराशी पोचली तसे वग्दीला वाटले, काहीतरी सांगायचे राहिले आहे.

"आई!" त्याने हाक मारली.

बोळातल्या सगळ्या गाड्यांवरच्या सगळ्या टोप्या वळल्या. त्याची आई तेवढी वळली नाही. तिच्या वाटणीच्या 'आई' अशा हाका तिने आयुष्यभर ऐकल्या होत्या, ही कुणा दुसरीची असेल असे तिला वाटले असावे. दार उघडले. परिचारिकेने गाडी आत ढकलायला सुरुवात केली.

"इन्शिराह!" वग्दी ओरडला.

हिल्मीदादाने त्याचा दंड घट्ट धरला, आणि क्षणभर वग्दीला वाटले की आपलाही पुढचा दात जाणार. पण दादाने नुसता दंड धरला होता.

गाडीवरून आईने हात वर केला.

"अरे, आहे मी," ती म्हणाली. "ओरडू नकोस. जेवून घ्या दोघं."

दार मिटले. वग्दी आणि हिल्मी तिथल्या बाकावर जाऊन बसले, आणि परिचारिका बाहेर येऊन पुन्हा ते नाव पुकारीपर्यंत दोघांनीही तोंडात पाण्याचा घोट घेतला नाही.